मातीतली गोम

‘यात एक गोम आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा गोम म्हणजे आत दडलेली अडचण. खरीखुरी गोम पाळायला घेतली तर ही अडचण निघते मातीत. काचेच्या पेटीत तिच्याखाली काय अंथरायचं? मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पण या प्रश्नापायी मला अर्धापूरच्या जमिनीचा इतिहास उकरावा लागला.

काचेतल्या मातीची गोष्ट मात्र लंडनची. १८२९ च्या सुमारास नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा एक कोष ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. काही दिवसांनी त्या मातीतून नेचं आणि गवत उगवलं. बंद काचेत वाफ होते, काचेवर जमते आणि परत मातीत उतरते, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं भारतात आली. या शोधाची दुसरी बाजू अशी, की बंद पेटीत ओल टिकते तसं विषही टिकतं.

गोमेसाठी दोन्ही गोष्टी जिवाच्या. कीटकांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर असतो, तसा तिच्या अंगावर नसतो. श्वासाची छिद्रंही तिला नीट मिटता येत नाहीत. म्हणून ती दिवसभर ओल्या मातीला चिकटून राहते आणि मातीत जे असेल ते तिच्या अंगाला लागतं.

मग आपली काळी माती का नको? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकापासून ती झाली. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. वावरात याच भेगा गोमेचं घर असतात. पण चार-सहा इंचांच्या थरात तीच माती चिकट गोळा होते, हवा खेळत नाही आणि बीळ ढासळतं.

बाबा म्हणाले, “अरे, केळीतली ने की. माती काय विकत घ्यायची असती का?”

त्यांना मी विचारलं, या मातीत आजवर काय काय पडलंय? त्यांना गेली चार-पाच वर्षं आठवली. आजोबांच्या काळाचं कोण सांगणार? १९५३ मध्ये मलेरियाविरुद्धची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि डीडीटी घरोघरी पोचलं. शेतीत त्याच्यावर बंदी आली १९८९ मध्ये. बीएचसी पावडर १९९७ मध्ये बंद झाली, दाणेदार फोरेट २०२० च्या अखेरीस. डीडीटी तर मातीत वर्षानुवर्षं राहतं. सर्व्हरवर काय घडलं ते लॉगमध्ये सापडतं. वावराला लॉग नसतो. आमच्या मातीत विष आहेच असं नाही. पण नाही, असंही कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणून मी घेतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्यातून उरलेला भुसा. त्यातही खत मिसळलेलं नको. काथ्यासाठी सोडणं पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, म्हणून भुशात मीठ राहू शकतं. दोन-तीनदा धुऊनच वापरावं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल. थर गोमेच्या लांबीइतका तरी जाड आणि दाबून बसवलेला, म्हणजे बीळ टिकतं. एक बाजू ओली, दुसरी कोरडी. कुठे बसायचं ते तिचं ती ठरवते. वर झाडाच्या सालीचा तुकडा. आणि हात घालायचा नाही, लांब चिमटाच. तिच्या डंखाने माणूस रात्रभर कळवळतो.

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. खरं आहे, एकवीस जोड्यांतला एखादा पाय गेला तर कात टाकताना तो पुन्हा फुटतो. पण ज्या मातीला ती अंग लावून बसते, ती बिघडली तर कात टाकून सुटका नाही. तिची नाही आणि त्याच मातीतली केळी खाणाऱ्या आपलीही नाही.

यंदापासून बाबांनी एक वही केली आहे. केळीच्या बुडाशी काय टाकलं, कधी, किती, ते तारखेसकट लिहितात.