बैलकुप्प्याची मुलं : जन्म भारतातला, कागद परदेशी



दिवाळी झाली की पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात स्वेटर विकणारे तिबेटी दिसायला लागतात. आपण मफलर घेतो, थोडी घासाघीस करतो आणि घरी येतो. थंडी संपल्यावर हे लोक कुठं जातात, याचा फारसा विचार कोणी करत नाही. त्यांतले बरेच जण परततात ते माझ्याच भागात. निवृत्तीनंतर मी म्हैसूरच्या बोगादीत राहतो. इथून हुणसूर, पिरियापट्टण करत कोडगूच्या दिशेनं साधारण ८० किलोमीटर गेलं की बैलकुप्पे येतं. आपली मंडळी तिथलं सोनेरी मंदिर पाहतात, मोमो खातात आणि मडिकेरीला निघून जातात. आज आपण मंदिराबद्दल बोलणार नाही. त्या वसाहतीत जन्मलेलं मूल कायद्यानं कोण, हा आजचा विषय आहे.

१९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो तिबेटी आले. पंडित नेहरूंनी राज्यांना जमिनीसाठी पत्रं लिहिली. म्हैसूर राज्यानं बैलकुप्प्याला सुमारे ३००० एकर जंगल भाडेपट्ट्यानं दिलं. या संदर्भात निजलिंगप्पांचं नाव दलाई लामा नेहमी कृतज्ञतेनं घेतात. १९६०-६१ मध्ये पहिल्या तुकड्या आल्या. बारा हजार फुटांवर याक राखलेली माणसं इथल्या उकाड्यात झाडं तोडत होती, रात्री हत्ती हाकलत होती आणि मका लावायला शिकत होती. पुढं हुणसूरजवळ गुरुपुरा, कोळ्ळेगालकडे ओडेयरपाळ्या आणि उत्तर कन्नडमध्ये मुंडगोड इथंही वसाहती झाल्या. महाराष्ट्रातही एक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावला. ती १९७० च्या दशकातली.

या तंबूंमध्ये आणि कौलारू घरांमध्ये मुलं जन्मली. त्यांचं काय, याचं उत्तर शोधायला आपल्याला घटना समितीत जावं लागतं.

२९ एप्रिल १९४७. मूलभूत हक्कांच्या समितीचे अध्यक्ष सरदार पटेल अहवाल मांडत होते. या भूमीवर जन्मलेला तो नागरिक, असं कलम त्यात होतं. काही सभासदांना ते फार सैल वाटलं. पटेलांचं उत्तर मला त्यांच्या सर्वांत व्यवहारी उत्तरांपैकी एक वाटतं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांना तिथलं नागरिकत्व मिळावं म्हणून आपण भांडतो, मग स्वतःच्या घरी आपण संकुचित भूमिका घेणं शोभत नाही, असा त्याचा मतितार्थ होता. लोहपुरुष म्हणून आपण त्यांना ओळखतो. ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

१९४९ च्या ऑगस्टमध्ये हाच विषय पुन्हा आला आणि या वेळी समोरासमोर दोन मराठी माणसं होती. डॉ. आंबेडकरांनी कलम मांडताना सांगितलं की, एखादा अपवाद सोडला तर मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दुसऱ्या कुठल्या कलमानं दिली नाही. विरोधात उभे राहिले अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांचं म्हणणं असं की, या व्याख्येनं भारताचं नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. मुंबई बंदरातून जाणारी एखादी परदेशी बाई इथं बाळंत झाली तर ते मूल काय भारतीय? त्याच वेळी, दुसऱ्या कुठल्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख माणसाला मात्र ते मिळावं, अशी त्यांची दुरुस्ती होती. ती फेटाळली गेली. पंजाबरावांबद्दल मला आदर आहे, विदर्भातल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेलं काम डोंगराएवढं आहे. पण बंदरातून जाणारी बाई हा फार दुर्मीळ दाखला होता. प्रत्यक्षात आले ते राहायला आलेले लोक, आणि त्यांची मुलं इथल्याच शाळेत गेली.

घटनेनं पुढचं काम संसदेवर सोपवलं आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. त्याच्या कलम ३ मध्ये पटेलांचाच विचार दिसतो : २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानं भारतीय नागरिक. अपवाद परदेशी राजदूतांची मुलं आणि शत्रूच्या ताब्यातल्या भागात झालेला शत्रुदेशीयाचा जन्म, एवढेच. म्हणजे १९६५ साली बैलकुप्प्यात जन्मलेली मुलगी पहिला श्वास घेतानाच भारतीय झाली होती. अर्ज नको, शिफारस नको.

हे तिला कोणी सांगितलं नाही. वय झालं की तिच्या हातात परदेशी नागरिकाचं नोंदणीपत्र यायचं, ज्याला वसाहतीत सगळे ‘आरसी’ म्हणतात. ते ठरलेल्या मुदतीनं पोलिसांकडून नवं करून घ्यायचं. परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, पिवळ्या कव्हरचं ओळख प्रमाणपत्र. सरकारी नोकरी नाही, मत नाही, स्वतःच्या नावावर जमीन घेणं जवळपास अशक्य. नुसतं सरकारच याला जबाबदार होतं असं नाही. वसाहतीतल्या वडीलधाऱ्यांना परत जायचं होतं. भारतीय झालो तर तिबेटचा दावा कोण सांगणार, ही त्यांची भीती खरी होती. त्या पिढीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

मग कायदाच बदलला. १९८३ नंतर श्रीलंकेतून तामिळ निर्वासित आले, आसाममध्ये आंदोलन पेटलं आणि १९८५ ला आसाम करार झाला. या पार्श्वभूमीवर १९८६ ची दुरुस्ती आली आणि १ जुलै १९८७ पासून लागू झाली. आता नुसता जन्म पुरेना. आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट : एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. यात तिबेटी कोणाच्या डोळ्यांसमोर होते असं वाटत नाही. पण एका घरात दोन भावंडं, थोरली जून १९८७ ची आणि धाकटा ऑगस्ट १९८८ चा, तर थोरली भारतीय आणि धाकटा कुठल्याच देशाचा नाही. आई तीच, वसाहत तीच.

इथं माझ्यातला फौजी गप्प बसत नाही. चीनशी युद्ध चालू असतानाच, नोव्हेंबर १९६२ मध्ये, तिबेटी जवानांची एक फौज उभी राहिली. स्पेशल फ्रंटियर फोर्स, आपल्या बोलण्यात ‘टू-टू’. चक्राता हे तिचं ठाणं आणि मेजर जनरल सुजनसिंग उबान तिचे पहिले प्रमुख. १९७१ मध्ये चितगावच्या डोंगराळ भागात हे जवान बांगलादेशासाठी लढले आणि ५० हून अधिक जण तिथं पडले. मोहीम गुप्त होती, त्यामुळे बहुतेकांना पदकांऐवजी रोख बक्षिसं मिळाली. ऑगस्ट २०२० मध्ये पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला याच दलाचा एक कंपनी लीडर जुन्या सुरुंगाच्या स्फोटात गेला. लेहमध्ये त्याच्या शवपेटीवर तिरंगा होता आणि तिबेटचा झेंडाही. या दलातल्या जवानांच्या मुलांकडेही तीच आरसी असते.

कोंडी फोडली ती एका तरुणीनं. नामग्याल डोल्कर, जन्म एप्रिल १९८६, कांगडा. तिनं पासपोर्ट मागितला, तो नाकारला गेला. सरकारचं म्हणणं, तिबेटींना नागरिकत्व द्यायचं नाही असं आमचं धोरण आहे, शिवाय तिनं ओळख प्रमाणपत्रासाठी स्वतःला तिबेटी म्हणवलं आहे. २२ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. मुरलीधर यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. धोरण लागू होतं ते नागरिकत्व मागणाऱ्याला. ही तर जन्मतःच नागरिक होती आणि अर्जात स्वतःला तिबेटी लिहिल्यानं ते जात नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं लिंग रिंपोचे यांच्या प्रकरणात तेच सांगितलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं अशा तिबेटींना मतदार यादीत घ्यायला सांगितलं. तरी पासपोर्ट कार्यालयं अडून बसली. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं, तेव्हा कुठं मार्च २०१७ मध्ये पासपोर्ट द्यायचे आदेश निघाले.

पण तीन महिन्यांत अटी आल्या. आरसी आणि ओळख प्रमाणपत्र परत करा. निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा. आणि नेमून दिलेल्या वसाहतीत राहू नका. पहिल्या दोन अटी मी समजू शकतो, एका माणसानं दोन ताटांत जेवू नये. तिसरी मात्र मला पटत नाही. बैलकुप्प्यातल्या पन्नाशीच्या माणसानं पासपोर्टसाठी बापानं जंगल तोडून उभं केलेलं घर, म्हातारी आई आणि शेत सोडायचं? न्यायालयानं जे जन्मसिद्ध म्हटलं, त्यासाठी ही किंमत फार झाली. साहजिकच पुष्कळांनी अर्जच केला नाही. धर्मशाळेतलं तिबेटी प्रशासन म्हणतं की हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. ते बरोबर आहे, पण निर्णय घेणाऱ्याला त्यानं फारशी मदत होत नाही.

मराठी घरांना हा प्रश्न परका वाटू नये. अमेरिकेत १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि १८९८ चा वाँग किम आर्क खटला, यांच्या बळावर तिथं जन्मलेली आपली नातवंडं अमेरिकन झाली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यालाच हात घालणारा आदेश काढला, तेव्हा इथं म्हैसुरात आणि पुण्यात किती आजी-आजोबांची झोप उडाली! आणि जी मुलं दोन-तीन वर्षांची असताना आईबापांबरोबर तिकडं गेली, ती २१ वर्षांची झाली की पालकांच्या व्हिसावरून बाहेर पडतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत आईबाप असतातच, मूल रांगेबाहेर. पटेलांनी दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण दिलं होतं, आज ते न्यू जर्सीचं देता आलं असतं.

१९८७ नंतर बैलकुप्प्यात जन्मलेल्या, आई-वडिलांपैकी कोणीच भारतीय नसलेल्या मुलांपुढं आज एक वाट उरते, कलम ६ ची, म्हणजे देशात १२ वर्षं राहिल्यावर अर्ज करायचा. पण तिथं देणं न देणं सरकारच्या मर्जीवर आहे, आणि डोल्कर प्रकरणात सरकारनं पुढं केलेलं धोरण नेमकं याच वाटेबद्दलचं होतं. २०१९ च्या दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहेत, तिबेट नाही. २००९ च्या त्यांच्या स्वतःच्या पाहणीत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. त्यानंतर कॅनडा, अमेरिका, युरोप इकडं जाणारे वाढले. इथं कन्नड माध्यमाच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळलेला मुलगा टोरँटोत काही वर्षांत नागरिक होतो.

पुढच्या भागात मुंडगोडला जाऊ.