निवाऱ्याची भिंत आणि गावाची आठवण

गावाचा इतिहास कोठे राहतो, असे कोणी विचारले तर आपण दफ्तराकडे बोट दाखवतो. दफ्तर खोटे नव्हे. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि पाचच वर्षांनी, १८५३ साली, आपल्या उरुण-इस्लामपुरास नगरपालिका मिळाली, हे दफ्तरच सांगते. १९४९ साली आपण दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलो, १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले, आणि २०२५ साली राज्य सरकारने गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. एकाच घरात राहून माणसाने इतकी नावे पाहिली!

परंतु सप्टेंबर १९४२ मध्ये ह्याच गावी मोर्चा आला, गोळीबार झाला, किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे हुतात्मे झाले, त्या दिवशी कोणाच्या दारात कोण आडोशाला उभे होते, हे कोणत्या दफ्तरात सापडेल? पुढे येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. काम भूमिगतांचे, त्यामुळे कागद थोडा आणि आठवण फार. ती आठवण सांभाळली ओसरीवरच्या म्हाताऱ्यांनी. नातू मांडीवर बसे आणि इतिहास कानावर पडे.

आता ती ओसरी राहिली नाही. मुले पुण्या-मुंबईस, कोणी परदेशी. ह्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. निराधार वृद्धांचा प्रश्नही नवा नव्हे. बगदादहून मुंबईस आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीतून पुण्यात १८६०च्या दशकात जी संस्था उभी राहिली, तिला लोक आज ‘निवारा’ म्हणतात. २००७च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम काढण्याची तरतूद केली. आणि ज्यांच्या गाठीशी निवृत्तिवेतन आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या आसपास भिंतीला भिंत लावलेल्या घरांच्या वसाहती झाल्या. तेथे दाराशी पायरी नाही, उशाशी घंटा आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे.

शरीराची सोय उत्तम झाली. पण वाळव्याचा म्हातारा तेथे गेला की शेजारी सोलापूरचा, समोर नागपूरचा. ‘संभूआप्पांच्या उरुसात हिंदू-मुसलमान कसे एकत्र येत’ हे तो कोणाला सांगणार? ऐकणारा जिज्ञासू असेल. पण गावचा नसेल. माणूस सुखरूप राहतो आणि गाव मात्र पोरके होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आपल्या तालुक्यात वृद्धांसाठी घरे व्हावीत, अवश्य व्हावीत; पण ती वेशीबाहेर नकोत. शाळा सुटल्यावर पोरे सहज डोकावतील अशा जागी असावीत, आणि त्यांना एक लांबरुंद ओसरी असावी. तोवर प्रत्येकाने आपल्या घरातल्या थोरांपाशी वही घेऊन बसावे. १९४२ साली जो दहा वर्षांचा होता, त्याने आज नव्वदी ओलांडली आहे. दफ्तर उद्याही उघडता येईल. ही माणसे मात्र आपल्यासाठी उद्यापर्यंत थांबतीलच असे नाही.