कल्पना देवणीत, माणसं पुणे-हैदराबादेत : बायोटेक स्टार्टअपची जोडी जमते कशी?

लातूर जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटकच्या बीदर जिल्ह्याला खेटून असलेला तालुका म्हणजे देवणी. या गावाचं नाव देशभरातल्या पशुवैद्यकांना पाठ आहे, कारण ते एका गोवंशाचंही नाव आहे. देवणीत पशुपालकांकडे प्रश्नांची कमी नाही. गाय शुद्ध देवणीच आहे हे कागदावर सिद्ध कसं करायचं? कासेचा आजार गाठी येण्याआधी ओळखता येईल का? कालवडच जन्मेल याची खात्री मिळेल का?

या प्रत्येक प्रश्नात एक स्टार्टअप दडलेलं आहे. दुसरीकडे, याच भागातून बायोटेक्नॉलॉजीची पदवी घेतलेली कितीतरी मुलं पुण्यात किंवा हैदराबादेत कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात काम करतात, नाहीतर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांच्या हाताला कौशल्य आहे, पण स्वतःचा म्हणावा असा प्रकल्प नाही.

म्हणजे कल्पना एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. ही सोयरीक जुळते कशी, कुठे जुळते आणि कुठे मोडते?

बायोटेकमध्ये एकट्याने का भागत नाही?

मोबाईल ॲप बनवायचं तर एक लॅपटॉप आणि दोन मित्र पुरतात. चुकलं तर कोड बदलता येतो. बायोटेकचं तसं नाही. इथे प्रयोगशाळा लागते, उणे ८० अंशांचा फ्रीझर लागतो, रसायनं लागतात. एक प्रयोग फसला तर महिने जातात. जनावरांशी संबंधित काम असेल तर निसर्गाच्या वेळापत्रकाने चालावं लागतं. गाईचा गाभणकाळ नऊ महिन्यांहून जास्त असतो, तो कोणत्याही गुंतवणूकदाराच्या सांगण्यावरून कमी होत नाही.

शिवाय एका माणसात सगळी कौशल्यं असणं जवळपास अशक्य. साधारण चार प्रकारची माणसं लागतात. पहिला, प्रश्न जवळून माहीत असलेला, म्हणजे पशुपालक, शेतकरी किंवा डॉक्टर. दुसरा, प्रयोगशाळेत हात बसलेला. तिसरा, परवाने, पेटंट आणि कायद्याची वाट माहीत असलेला. आणि चौथा, पैसा उभा करून माल विकू शकणारा. यातला एक जरी कमी पडला तर चांगली कल्पनाही प्रबंधाच्या पानांत अडकून राहते.

देवणीचं उदाहरण घेऊ

देवणी ही दुहेरी उपयोगाची जात आहे. गाय दूध देते आणि बैल शेतात राबतो. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून ती तयार झाली, असं मानलं जातं. रंगावरून तिचे तीन प्रकार पडतात. अंग पांढरं आणि चेहऱ्याच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा. अंग पांढरं आणि पोटाकडच्या भागावर काळे ठिपके असतील तर बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे पट्टे-ठिपके असतील तर शेवेरा, म्हणजेच वाघ्या.

या गाईचं दूध एका वेतात सरासरी ९०० किलोच्या आतच भरतं. संकरित गाय त्याहून कितीतरी जास्त देते. ट्रॅक्टर आल्यावर बैलाची गरजही कमी झाली. त्यामुळे देवणी टिकवायची तर तिच्यातली चांगली जनावरं शोधून त्यांची पैदास वाढवणं हाच मार्ग उरतो. इथे बायोटेकचा संबंध येतो.

देशात यासाठी लागणारं तंत्रज्ञान तयार होत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेली 'इंडिगौ' ही देशी गोवंशासाठीची जीनोमिक चिप ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ११,४९६ जनुकीय खुणा तपासता येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवी इथल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते 'गौचिप' आणि 'महिषचिप' यांचं अनावरण झालं. त्याच कार्यक्रमात लिंगनिर्धारित वीर्यमात्रांच्या स्वदेशी तंत्रज्ञानाचीही सुरुवात झाली.

पण चिप आली म्हणून ती गोठ्यापर्यंत पोहोचत नाही. नमुना कोण घेणार, निकाल पशुपालकाला समजेल अशा भाषेत कोण सांगणार, आणि त्यावरून कोणता वळू निवडायचा हे कोण ठरवणार? मधली ही जागा रिकामी आहे आणि छोट्या स्टार्टअपला संधी तिथेच आहे.

माणसं तरी कुठे लांब आहेत? शेजारच्या उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. नांदेडला १९९४ मध्ये स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. आणि देवणीहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ आहे. बारावीच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला. तिथे तयार झालेली मुलं पुढे परत येतील असा प्रकल्प मात्र इथे क्वचितच असतो.

इतिहासातल्या तीन गाजलेल्या जोड्या

जगातल्या मोठ्या बायोटेक कंपन्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा अशीच एखादी भेट आहे.

*जेनेनटेक, १९७६ :* हर्बर्ट बॉयर हे कॅलिफोर्निया विद्यापीठातले शास्त्रज्ञ. डीएनएचे तुकडे जोडण्याचं तंत्र त्यांनी स्टॅनले कोहेन यांच्यासोबत १९७३ मध्ये सिद्ध केलं होतं. रॉबर्ट स्वॉनसन हा २८ वर्षांचा तरुण, गुंतवणूक क्षेत्रातला आणि त्या वेळी बेकार. त्याने बॉयर यांना फोन करून दहा मिनिटं मागितली. बोलणं तीन तास चाललं. दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले आणि कंपनी उभी राहिली. १९७८ मध्ये त्यांनी जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेतलं आणि १९८२ मध्ये त्या इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

*बायोकॉन, १९७८ :* किरण मजुमदार यांनी ऑस्ट्रेलियात बिअर बनवण्याचं शास्त्र शिकलं. भारतात परतल्यावर स्त्री असल्यामुळे त्यांना ब्रूमास्टरची नोकरी मिळेना. त्याच काळात लेस्ली ऑकिनक्लॉस हे आयरिश उद्योजक भारतात भागीदार शोधत होते. त्यांना एन्झाइम हवे होते आणि किरण यांना किण्वनाचं ज्ञान होतं. बेंगळुरूत भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये १०,००० रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झालं. सुरुवातीच्या उत्पादनांपैकी एक होतं पपेन, म्हणजे पपईच्या चिकापासून मिळणारं एन्झाइम.

*शांता बायोटेक्निक्स, १९९३ :* हैदराबादचे के. आय. वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. जीवशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. हिपॅटायटिस-बीची लस भारतात स्वस्तात बनली पाहिजे, एवढं मात्र त्यांना पक्कं दिसत होतं. त्यांनी शास्त्रज्ञ गोळा केले, आधी विद्यापीठाच्या आणि मग संशोधन संस्थेच्या आवारात जागा मिळवली. १९९७ मध्ये 'शॅनव्हॅक-बी' बाजारात आली. २००९ मध्ये फ्रान्सच्या सनोफीने कंपनी विकत घेतली.

या तिन्ही गोष्टींत एक धागा समान आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांकडे नसलेलं काहीतरी होतं. दोन शास्त्रज्ञ मित्रांनी मिळून कंपनी काढली तर प्रयोगशाळेत दोन माणसं असतात, बाजारात एकही नसतो.

आज ही जोडी कुठे जमते?

आता कुणाच्या फोनवर किंवा योगायोगावर अवलंबून राहण्याची गरज नाही. काही ठिकाणं नेमकी याच कामासाठी उभी राहिली आहेत.

- बिरॅक : केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये स्थापन केलेली संस्था. तिची 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट' ही योजना कल्पना सिद्ध करून दाखवण्यासाठी १८ महिन्यांकरता ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. हे अनुदान असल्यामुळे बदल्यात कंपनीचा हिस्सा द्यावा लागत नाही.
- व्हेंचर सेंटर, पुणे : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून चालणारं इनक्युबेटर. इथे जागा आणि उपकरणं भाड्याने मिळतात, पेटंटचा सल्ला मिळतो. शेजारच्या टेबलावर कोण काय करतंय हेही कळतं, आणि जोडी जमायला ते फार उपयोगी पडतं.
- हैदराबाद : जीनोम व्हॅली, आयकेपी नॉलेज पार्क आणि राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्था. जनावरांशी संबंधित कल्पना असेल तर देवणीकराने आधी इकडे पाहावं.
- ई-युवा : बिरॅकची विद्यार्थ्यांसाठीची योजना. विद्यापीठांतल्या केंद्रांमधून विद्यार्थ्यांच्या गटांना मार्गदर्शन आणि पाठ्यवृत्ती मिळते.
- महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी : तिच्या 'स्टार्टअप वीक'मधल्या विजेत्यांना सरकारी विभागांसोबत प्रत्यक्ष काम करण्याचे आदेश मिळतात. पशुसंवर्धनासारखा विभाग पहिला ग्राहक झाला तर अर्धी लढाई जिंकल्यासारखीच.

भेट झाली. आता काय ठरवायचं?

बहुतेक जोड्या मोडतात त्या पैशाअभावी नाही, तर सुरुवातीला न बोललेल्या गोष्टींमुळे. 'आपलाच माणूस आहे, कागद कशाला' हे वाक्य नंतर फार महाग पडतं. चार गोष्टी पहिल्याच महिन्यात लिहून घ्याव्यात.

१. कोणाचा हिस्सा किती? नुसत्या कल्पनेला निम्मा हिस्सा आणि दोन वर्षं प्रयोगशाळेत राबणाऱ्याला पाच टक्के, अशी वाटणी टिकत नाही. रूढ पद्धत अशी की ठरलेले शेअर एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी कुणी सोडून गेला तर त्याला काहीच मिळत नाही. यात दोघांचंही संरक्षण आहे.

२. काम फुकट की पगारी? 'अनुभव मिळेल' या आश्वासनावर पदवीधरांना महिनोन्महिने राबवून घेणं सर्रास चालतं. पगार देता येत नसेल तर त्याऐवजी किती शेअर, हे लेखी हवं. पगारही नाही आणि शेअरही नाही, तर ती भागीदारी नाही.

३. पेटंट कोणाच्या नावावर? भारतीय पेटंट कायद्यानुसार शोध लावणाऱ्याचं नाव अर्जात द्यावं लागतं आणि हक्क कंपनीला द्यायचे असतील तर तसा लेखी दस्तऐवज लागतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम झालं असेल तर संस्थेचाही दावा असू शकतो, म्हणून तिचं धोरण आधी वाचावं.

४. काय बोलायचं आणि काय नाही? पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध जाहीर केला, अगदी स्पर्धेतल्या पोस्टरवर किंवा रीलमध्ये, तरी त्याचं नावीन्य धोक्यात येतं. आधी तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.

गाईचं पेटंट मिळतं का?

नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार प्राणी, वनस्पती किंवा त्यांचे भाग यांचं पेटंट घेता येत नाही. जनावरांवरच्या उपचार आणि रोगनिदानाच्या पद्धतींनाही पेटंट नाही. मात्र निदानासाठी बनवलेलं नवं किट किंवा उपकरण यांना ते मिळू शकतं. त्यामुळे 'देवणीच्या जनुकावर पेटंट घेऊ' असं सांगणारा भागीदार भेटला तर त्याने कायदा वाचलेला नाही, एवढं ओळखावं.

शिवाय जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. देशातल्या जैविक संसाधनावर आधारित शोधावर हक्क मिळवायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाळावे लागतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा गोवंश सांभाळला, त्यांना व्यापारी फायद्यात वाटा मिळावा, हा त्यामागचा हेतू आहे. काम जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंवर असेल तर संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची परवानगीही लागते.

देवणीतून सुरुवात करायची तर?

पहिलं पाऊल कंपनी नोंदणीचं नाही. आधी प्रश्न एका पानावर लिहावा : अडचण कोणाची आहे, ती आज कशी सोडवली जाते, त्याला किती खर्च येतो आणि नवा उपाय कितीला परवडेल. तंत्र कसं चालेल हे त्या पानावर नसलं तरी चालतं, कारण तेवढ्यासाठीच तर जोडीदार हवा आहे. हे पान कुणालाही दाखवता येतं, कारण प्रश्न सांगितल्याने पेटंट जात नाही, उपाय सांगितल्याने जाऊ शकतं.

मग ते पान घेऊन उदगीर किंवा लातूरच्या प्राध्यापकांना भेटावं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. तीन महिन्यांचा छोटा प्रकल्प म्हणजे दोन्ही बाजूंसाठी ओळखीचा काळ. त्यात पटलं तर इनक्युबेटर आणि अनुदानाचा अर्ज, नाही पटलं तर विद्यार्थ्याचा प्रकल्प तरी पूर्ण होतो आणि पशुपालकाला त्याच्या गोठ्याबद्दल काहीतरी नवं कळतं.

कौशल्य असलेल्यांसाठीही हेच उलट बाजूने लागू पडतं. 'प्रोजेक्ट शोधतोय' एवढंच लिहिलेला बायोडेटा कुणाला काही सांगत नाही. पीसीआर येतं, ऊतीसंवर्धन येतं, आठवड्याचे दहा तास देता येतील, असं नेमकं लिहिलेलं उपयोगी पडतं. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक, रायझोबियमसारखी जिवाणू खतं, दुधाची तपासणी अशा विषयांवर लातूर-नांदेडमध्ये प्रश्न विचारणारे शेतकरी गावोगाव आहेत.

पशुपालकांपैकी फारच थोड्यांना लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयात नेमकं काय शिकवतात हे माहीत असतं. आणि तिथल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी देवणीच्या बाजारात जाऊन वानेरा आणि शेवेरा यांतला फरक विचारला असेल? जोडी जमण्याची सुरुवात एवढ्याशा प्रश्नापासूनही होऊ शकते.