सीताफळाचा गर

नाव सीतेचं असलं तरी हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांनी ते भारतात आणलं असं मानतात. आमच्या घाटनांदूरच्या आसपास, बालाघाटच्या डोंगरांत, ते असं रुजलं की कुणी लावल्याचं कुणाला आठवत नाही!

अडचण एकच. डोळा उघडल्यावर फळ तोडलं की दोन-तीन दिवसांत पिकतं, मग फुटतं. आंब्याचा रस तापवून डबाबंद करता येतो, म्हणून तो जगभर गेला. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, उघडा ठेवला की काळा पडतो. त्यामुळे पडेल त्या भावात विकणं, नाहीतर फेकणं, एवढंच हाती.

वाट काढली ती गोठवण्याच्या तंत्राने. बिया काढून गर झटपट गोठवायचा, उणे १८ अंशांखाली ठेवायचा. आता तो आईस्क्रीम-रबडीत जातो, परदेशीही जातो. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शीतगृह ज्याचं, भाव त्याचा. डोंगर चढून फळं तोडणारी बाई अजून पाटीवरच विकते.

असो. बियांची पूड आजी उवांवर लावायची. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका.