शेरामागे दोन पैसे

वाण्याकडे आज मिठाच्या भावांत केवढी तफावत दिसते! खडेमीठ स्वस्त, पिशवीतले बारीक मीठ त्याहून महाग, आणि उपवासाचे सैंधव तर कितीतरी पटीने महाग. वास्तविक तिन्हींतील मुख्य द्रव्य एकच. अंतर पडते ते धुणे, दळणे, वाहतूक आणि वेष्टन यांमुळे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मात्र या साऱ्यांहून सरकारचा कर भारी असे.

उरण, पेण, वसई, वडाळा येथील मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवीत. इंधनाला पैसा लागत नसे. आगरावर ते फारच स्वस्त पडे. पण १८८८ साली मणामागे अडीच रुपये कर बसला. मणाचे शेर चाळीस, रुपयाचे आणे सोळा; म्हणजे शेराला एक आणा नुसता कर! तो वजनावर असल्यामुळे खेवड्याच्या सैंधवाला जेवढा, तेवढाच गरिबाच्या खडेमिठालाही. १९०७ पर्यंत तो उतरत एका रुपयावर आला. १९२३ मध्ये विधिमंडळाचा नकार डावलून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी तो पुन्हा अडीच रुपये केला. पण पुढच्याच वर्षी सव्वा रुपयावर आणावा लागला. १९३० साली दर तोच होता, शेरामागे दोन पैसे. दोन पैशांचे ते काय एवढे, असे म्हणणाऱ्याने मोलकरणीच्या घरची चूल पाहिली नसावी. उन्हात राबणाऱ्याला मीठ अधिकच लागते, आणि त्याच्या भाकरीबरोबर पुष्कळदा दुसरे काही नसते.

दांडीच्या पदयात्रेत महात्माजींनी स्त्रियांना घेतले नव्हते. तरी त्याच एप्रिलमध्ये मुंबईच्या चौपाटीवर कमलादेवी चट्टोपाध्याय व अवंतिकाबाई गोखले यांनी खारे पाणी उकळून मीठ केले. चूल पेटवून कायदा मोडावयाचा, तर हे काम बायकांचेच नव्हे काय? त्या मिठाच्या पुड्या कमलादेवींनी शेअरबाजारात जाऊन विकल्या; तिथे वाण्याचा भाव कोण विचारतो! मे महिन्यात शिरोडे आणि वडाळा येथेही सत्याग्रह झाले.

हा कर १ एप्रिल १९४७ रोजी उठला. त्याच वर्षी खेवड्याची खाण पाकिस्तानात गेली आणि सैंधव परदेशी माल ठरले. २०२५ च्या मे महिन्यात तर तिकडून होणारी आयातच बंद झाली. आपले रोजचे मीठ आता बहुतांशी गुजरातच्या किनाऱ्यावरून येते.