विमानाचं चाक आणि खालची माती
१९४१ साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाजवळ, क्लोव्हर फील्ड या विमानतळावर डग्लस कंपनीचं एक्सबी-१९ हे अवाढव्य बॉम्बफेकी विमान हँगरमधून बाहेर आलं. वजन साठ टनांहून जास्त, मुख्य चाकं आठ फूट उंच. हे धूड उडेल की नाही, याची चर्चा वर्षानुवर्षं झाली होती. पण उड्डाणाच्या आधीच, नुसतं चालत असताना, त्याच्या चाकांनी खालची फरसबंदी फोडली.

लष्करी विमानतळ बांधण्याचं काम अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाकडे येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नोव्हेंबर १९४० मध्ये ते त्यांच्या गळ्यात पडलं होतं. युद्ध दारात उभं होतं, शेकडो धावपट्ट्या हव्या होत्या, आणि एवढ्या जड चाकाखाली डांबरी धावपट्टी किती जाड हवी याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. काँक्रीटचं थोडं बरं होतं. लाद्यांमधले ताण कसे काढायचे, हे अभियंते वेस्टरगार्ड यांनी १९२६ मध्येच गणिताने मांडलं होतं. डांबरी धावपट्टीचं काम मात्र वेगळ्या तऱ्हेने चालतं. चाकाचा भार खडीच्या थरांतून उतरत उतरत पसरतो आणि मातीपर्यंत पोचेतो सौम्य होतो. माती जितकी कमकुवत, तितका तो जास्त पसरायला हवा, म्हणजेच थर जास्त जाड हवेत. किती जाड, हाच तर प्रश्न होता.

उत्तर सापडलं ते कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्यात. तिथले अभियंते ओ. जे. पोर्टर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी चाचणी बसवली होती. मातीचा नमुना सहा इंची साच्यात ठोकून भरायचा, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग तीन चौरस इंचांचा दट्ट्या त्यात सावकाश दाबायचा. दट्ट्या एक दशांश इंच आत जायला किती जोर लागला, ते मोजायचं. फोडलेल्या चांगल्या खडीला तेवढ्यासाठी जो जोर लागतो, त्याच्याशी तुलना करून टक्केवारी काढायची. हाच सीबीआर, म्हणजे कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो. पोर्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. राज्यातले टिकलेले आणि खचलेले रस्ते तपासून, कोणत्या आकड्याच्या मातीवर किती जाडी पुरली, याचे आलेख त्यांनी काढले. या आलेखांमागे खऱ्या रस्त्यांचा अनुभव होता, आणि हीच त्यांची खरी ताकद.

पण ते आलेख होते ट्रकच्या चाकांचे, चार-पाच टनांचे. १९४२ मध्ये अभियंता दलाने ही पद्धत स्वीकारली. पोर्टर, हार्वर्डचे आर्थर कासाग्रांदे आणि दलाचे मिडलब्रुक्स यांनी ते आलेख तीस टनांच्या चाकापर्यंत ताणले. असं अंदाजाने ताणणं धोक्याचंच होतं. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन इथे कमीजास्त जाडीचे तुकडे बांधून त्यांच्यावरून भारी चाकं पुन्हा पुन्हा फिरवली गेली. युद्धाची एवढी घाई असतानाही आपला अंदाज जमिनीवर तपासून पाहण्याचा हा प्रामाणिकपणा या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

पुढे या आलेखांचं एक सूत्र झालं. चाकाचा भार आणि मातीचा सीबीआर यांच्या भागाकारातून टायरच्या स्पर्शक्षेत्राचा हिस्सा वजा करायचा आणि वर्गमूळ घ्यायचं, असं त्याचं ढोबळ रूप. साडेतेरा टनांचं एकच चाक घ्या, टायरमध्ये दर चौरस इंचाला शंभर पौंड हवा धरा. सीबीआर दहा असलेल्या मातीवर सुमारे बेचाळीस सेंटिमीटर जाडी पुरते. सीबीआर तीन असेल तर शहाऐंशी लागते. विमान तेच, पण माती बदलताच जाडी दुप्पट. भिजलेल्या काळ्या मातीचा आकडा बऱ्याचदा पाचच्याही खाली जातो, हे महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर काम केलेला कुणीही सांगेल. भारतीय रस्ते काँग्रेसने १९७० मध्ये लवचीक, म्हणजे डांबरी, रस्त्यांसाठी जी पहिली मार्गदर्शिका काढली, तीही याच सीबीआरवर उभी होती.

दरम्यान विमानं आणखी जड झाली. बी-३६ या बॉम्बफेकी विमानाच्या पहिल्या नमुन्याला दोन्ही बाजूंना एकेकच चाक होतं, नऊ फुटांहून उंच. ते पेलणारे तळ अमेरिकेत जेमतेम तीन. मग चार चाकांचा संच बसवला गेला. पण त्यामुळे हिशेब अवघड झाला. वरच्या थरांत प्रत्येक चाकाचा भार सुटा जाणवतो, खोलवर मात्र सगळ्यांचे भार एकमेकांत मिसळतात. तेव्हा 'समतुल्य एक चाक' धरून जाडी काढण्याची रीत १९५० च्या सुमारास बसली.

१९९५ मध्ये बोईंग ७७७ सेवेत आलं, प्रत्येक बाजूला सहा चाकं घेऊन. सहा चाकांच्या त्या संचासाठी जुनी रीत गरजेपेक्षा जास्त जाडी सुचवते, हे दिसू लागलं. १९९९ मध्ये न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीजवळ खास धावपट्ट्यांची चाचणीशाळा सुरू झाली. छताखाली खरीखुरी फरसबंदी बांधून ती मोडेपर्यंत चाकं फिरवायची, म्हणजे स्टॉकटनचाच मार्ग. आज जाडी संगणकावर, थरांच्या लवचीकतेच्या सिद्धांताने काढली जाते. विमान आणि धावपट्टीची जोडी जमते का, हे सांगणारी १९८१ ची आंतरराष्ट्रीय अंकपद्धतीही नोव्हेंबर २०२४ पासून बदलली. तरीही मातीचा लवचीकता गुणांक थेट मोजलेला नसेल, तर अमेरिकी विमान प्रशासनाच्या रीतीत तो पोर्टर यांच्या सीबीआरला १५०० ने गुणूनच धरला जातो.