पावणेअकरा युरोंचा एक शेअर आणि वाचलेला क्लब: काय आहे रेआल ओव्हिएदोची गोष्ट?

फुटबॉल क्लब बुडायला लागला की साधारणपणे एखादा अब्जाधीश शोधला जातो. स्पेनमधल्या ओव्हिएदो शहरात मात्र आधी सामान्य चाहते धावून आले.

ओव्हिएदो ही उत्तर स्पेनमधल्या डोंगराळ आस्तुरियास प्रांताची राजधानी. लोकसंख्या दोन लाखांहून थोडी जास्त. इथल्या नवव्या शतकातल्या दगडी वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. अमर्त्य सेन यांना २०२१ मध्ये मिळालेल्या 'प्रिन्सेस ऑफ आस्तुरियास' पुरस्कारांचा सोहळाही याच शहरात होतो.

१९२६ मध्ये स्थापन झालेला रेआल ओव्हिएदो हा शहराचा क्लब. २००१ मध्ये तो ला लीगामधून खाली घसरला. २००३ मध्ये तर खेळाडूंचे पगार थकल्यामुळे त्याला थेट चौथ्या श्रेणीत ढकललं गेलं. त्याच वेळी शहराच्या प्रशासनाने दुसऱ्याच एका स्थानिक क्लबला पाठबळ दिलं. चाहत्यांना हे अजिबात पटलं नाही. चौथ्या श्रेणीतले सामने पाहण्यासाठी हजारोंनी सीझन तिकिटं काढली.

खरी कसोटी आली नोव्हेंबर २०१२ मध्ये. सुमारे १९ लाख युरो जमले नाहीत, तर क्लबला टाळं लागणार होतं. क्लबने शेअर विक्रीला काढले. किंमत १०.७५ युरो. सांती काझोर्ला, हुआन माता आणि मिचू हे ओव्हिएदोत घडलेले खेळाडू तेव्हा इंग्लंडमध्ये गाजत होते. त्यांनी स्वतः शेअर घेतले. सोशल मीडियावरून बातमी पसरली आणि ज्यांनी हे शहर नकाशावरही पाहिलं नव्हतं, अशा देशोदेशींच्या लोकांनी पैसे पाठवले. खुद्द रेआल माद्रिदनेही शेअर विकत घेतले. शेवटी मेक्सिकोचे उद्योगपती कार्लोस स्लिम यांनी २० लाख युरो गुंतवले. मथळे स्लिम यांच्या नावाने झाले. पण ते येईपर्यंत क्लबला तग धरून ठेवला तो या छोट्या भागधारकांनी.

यातला काझोर्ला लहानपणापासून ओव्हिएदोच्या अकादमीत होता, पण मुख्य संघातून कधी खेळला नव्हता. पुढे घोट्याच्या दुखापतीत जंतुसंसर्ग होऊन त्याच्या टाचेची शीर कित्येक सेंटिमीटर नष्ट झाली. शस्त्रक्रियेत हातावरची त्वचा घोट्यावर लावली गेली. त्या त्वचेवर मुलीचं नाव गोंदलेलं होतं: 'इंडिया'. हो, त्याच्या मुलीचं नाव खरंच इंडिया आहे!

२०२३ मध्ये तो ओव्हिएदोत परतला. फुकट खेळायची तयारी होती, पण नियमात बसत नसल्याने किमान पगार घेतला. त्याच्या जर्सीच्या विक्रीतला १० टक्के वाटा अकादमीला द्यावा, एवढीच मागणी केली.

२१ जून २०२५, कार्लोस तार्तिएरे स्टेडियम. प्लेऑफ अंतिम फेरीचा पहिला सामना ओव्हिएदोने मिरांदेसविरुद्ध ०-१ असा गमावला होता. दुसऱ्या सामन्यातही पाहुण्यांनीच आधी गोल केला. मग पेनल्टी मिळाली आणि ४० वर्षांच्या काझोर्लाने ती मारली. जादा वेळेत सामना ३-१ असा संपला, आणि २४ वर्षांनी ओव्हिएदो पुन्हा ला लीगामध्ये पोहोचला.